सभेची वेळ कोण ठरवतं?

प्रश्न : आम्ही नागपूरचे अकरा मित्र. दोघं डॉक्टर, बाकीचे नोकरी-धंद्यातले. गेल्या वर्षी रामटेक तालुक्यातलं जंगलालगतचं एक गाव दत्तक घेतलं. चार रविवारी आरोग्य शिबिरं घेतली. पहिल्याला 170 लोक आले, चौथ्याला 38. गावात आरोग्य समिती केली, पण तिची बैठकच होत नाही. औषधं आम्ही नेतो, खर्च आमचा, तरी लोकांचा सहभाग मिळत नाही. कुठे चुकतंय? लोकसहभाग वाढवायचा कसा?

उत्तर : आधी मलाच एक विचारू द्या. चौथं शिबिर कोणत्या महिन्यात झालं? तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी पैज लावते : मार्चअखेर नाहीतर एप्रिल, आणि वेळ सकाळी अकराची. नागपूरहून सातला निघायचं, वाटेत तर्री-पोहे, जबलपूर रस्त्यानं देवलापार, तिथून आत. अकरा वाजतातच. माझेही वाजायचे.

त्या दिवसांत तुमच्या गावातली बाई पहाटे तीन-साडेतीनला टोपली घेऊन मोहाखाली गेलेली असते. फूल पहाटे गळतं. उजाडायच्या आत पोचलं नाही तर हरणं, डुकरं, एखादे दिवशी अस्वल आधी पोचतं. नऊ-दहापर्यंत वेचायचं, डोक्यावरून घरी आणायचं, अंगणात वाळत घालायचं, मग चूल पेटवायची. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा आणि त्यावर घरचं तेल-मीठ, लेकरांचे कपडे. अकराला तुमचा लाउडस्पीकर सुरू झाला तेव्हा तिनं नुकतं अंग टाकलं असणार. मी एकदा असंच रागावून विचारलं होतं, 'बाया का आल्या नाहीत?' तेव्हा उंबऱ्यात बसलेली म्हातारी म्हणाली, 'तुमची दवाई उद्याबी भेटंन बाई, मोवा उद्या भेटत नाही.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

सत्तावीस वर्षं या कामात गेली. आधी रामटेक-पारशिवनीकडे, मग बराच काळ गडचिरोलीत धानोऱ्याच्या बाजूला. कुठलंही काम लोकांचं आहे की बाहेरच्यांचं, हे बघायला मी अहवाल वाचत नाही. सभेची तारीख आणि वेळ कोणी ठरवली, एवढंच विचारते. तुमच्या चारही शिबिरांची तारीख तुमच्या सुट्टीनं ठरवली. समिती तुम्ही केली, तिची बैठक तुम्ही बोलावली. मग लोक आले तर ते पाहुणे म्हणून आले, आणि पाहुणा किती वेळा येणार?

'दत्तक' हा शब्दही सोडा, जमलं तर आजच. दत्तक लेकरू घेतात. त्या गावात तुमच्या आजोबांच्या वयाची माणसं बसली आहेत.

शिबिरांबद्दल माझं मत कडक आहे, तुमच्या डॉक्टर मित्रांना आवडणार नाही. शिबिरात रक्तदाब मोजून पंधरा दिवसांच्या गोळ्या देणं म्हणजे सोळाव्या दिवशी त्या माणसाला वाऱ्यावर सोडणं. गोळी बंद झाली की दाब पुन्हा चढतो, आणि 'मोठ्या डॉक्टरची दवाई घेतली, काही झालं नाही' हेच त्याच्या लक्षात राहतं. त्यापेक्षा सापडलेल्या माणसाची नोंद उपकेंद्राच्या रजिस्टरात पडली का आणि पुढच्या महिन्याची गोळी त्याला तिथून मिळाली का, एवढं पाहिलंत तरी ते तुमच्या चार शिबिरांपेक्षा मोठं काम आहे. सरकारी यंत्रणेत या गोळ्या येतात. त्या शेवटच्या घरापर्यंत पोचतात का, हा पाठपुराव्याचा भाग.

आणि शिबिरात खरं दुखणं कोणी सांगतही नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. तो अभ्यास 1989 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, दर बाईमागे सरासरी साडेतीनच्या वर आजार, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. शाळेच्या व्हरांड्यात, टेबलापुढे रांगेत उभी राहून, मागे थोरला दीर उभा असताना यातलं काय बोलणार ती? 'हातपाय दुखतात' म्हणते, आणि तुमच्याकडून बी-कॉम्प्लेक्सची बाटली घेऊन जाते.

आता माझी चूक सांगते, कारण तुमची समिती तिच्याच वाटेनं चालली आहे. 2003 साली आम्ही एका गावात आरोग्य कक्ष बांधला. एक खोली, ओटा, तपासणीचा पलंग, खिडकीला जाळी. जागा गावानंच दिली, रीतसर सभा घेऊन, सरपंच आणि पंधरा-वीस जाणते बसले होते. फोटो आहेत माझ्याकडे. पहिले सहा महिने पुरुष आले, लेकरं आली. बाया आल्याच नाहीत. आम्ही घरोघर सांगितलं, नर्सबाई स्त्री आहे म्हणून सांगितलं, पडदा लावला. काही नाही. वर्षानं एका सुईणीनं मला जवळजवळ हसतच विचारलं, 'बाई, थो रस्ता पायला का तुमी?' खोलीला जायची वाट गावदेवाच्या चबुतऱ्याला लागून जात होती. पाळीच्या दिवसांत, अंगावरून जात असताना, बाळंतपणानंतर, कोणतीही बाई त्या वाटेनं पाऊल टाकत नव्हती. म्हणजे नेमकी जिला गरज, तिलाच बंदी. सभेत बसलेल्या वीस पुरुषांपैकी कुणाच्याही हे डोक्यात आलं नाही, आणि बाईला कुणी विचारलं नाही. मी स्वतः बाई असून मलाही सुचलं नाही, ही त्यातली वाईट गोष्ट. तीन-चार वर्षांनी गेले तेव्हा त्या पलंगावर धानाची पोती होती. निदान कोरडी होती.

म्हणून 'गावानं ठरवलं' असं कोणी म्हणालं की मी विचारते, गावातल्या कोणी? महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरात सह्या घेऊन उरकतात. तुमच्या गावात ती खरोखर भरली, बायांच्या वेळेला भरली, तर तुमची निम्मी अडचण तिथंच सुटेल. मेंढा-लेखाचं नाव ऐकलं असेल, धानोरा तालुक्यातलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. तिथली शिकण्यासारखी गोष्ट घोषणेपेक्षा तिथल्या सभेची रीत आहे. बहुमतानं निर्णय घेत नाहीत. सगळ्यांचं पटेपर्यंत बोलत राहतात, एकाचंही मन खात असलं तर विषय पुढच्या सभेवर. शहरातल्या माणसाला हे असह्य होतं. मला पहिल्या वर्षी सभेत झोप लागायची. पण अशा सभेत चबुतऱ्याजवळची खोली मंजूर झाली नसती.

मग सुरुवात कुठून करायची? औषधाची पेटी न घेता जा. दोघंच जा, अकरा नको. चुना, विटकरीचे तुकडे, पळसाची पानं घेऊन गावाचा नकाशा जमिनीवर काढायला सांगा आणि तुम्ही मागे सरका. आमच्या एका गावात पुरुषांनी तासभर खपून सुंदर नकाशा काढला : शाळा, पंचायत, बोअरवेल, देऊळ, अंगणवाडी. पाणी भरून चाललेली एक पोर थांबली, बघितलं आणि म्हणाली, 'अन् आमचा टोला?' नाल्यापलीकडची नऊ घरं कुणाला आठवलीच नव्हती. पावसाळ्यात नाला भरला की एएनएमबाईंनाही, म्हणजे उपकेंद्राच्या नर्सबाईंनाही, ती आठवत नव्हती.

त्याच नकाशावर पुढच्या खेपेला दोन वर्षांतल्या प्रत्येक जन्माला एक चिंचोका आणि प्रत्येक मरणाला कोळशाचा एक खडा ठेवायला सांगा. हे बायांसोबतच करा, आणि उठायची घाई नसेल तेव्हाच. आमच्याकडे पंचायतीच्या दप्तरात एका बाळाचा मृत्यू होता, जमिनीवर पाच कोळसे पडले. लपवाछपवी नव्हती. बारसं व्हायच्या आत गेलेलं लेकरू कुणी 'गेलं' म्हणून मोजतच नाही, 'आलं नि गेलं' एवढंच. पाच कोळसे बघून बाया गप्प झाल्या आणि मग बोलायला लागल्या. तिथं आमचं काम सुरू झालं. आम्ही काय आणणार होतो, ते त्या दिवशी बाजूलाच राहिलं.

नवजात बाळाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण दुर्गम भागात करण्यासारखं सगळ्यात जास्त इथंच आहे, आणि तो धडा जगाला आपल्या शेजारच्या जिल्ह्यानं दिला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग, दोघंही नागपूरच्या मेडिकलचे, 1986 साली गडचिरोलीत 'सर्च' ही आपली संस्था घेऊन गेले. त्यांनी गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं : बाळाचं वजन करणं, ऊब देणं, पाजायला शिकवणं, जंतुसंसर्ग ओळखून घरीच उपचार सुरू करणं. 39 गावांतलं हे काम 1999 साली प्रसिद्ध झालं. तिसऱ्या वर्षी त्या गावांत नवजात मृत्यूचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी उतरलं होतं. 2011 पासून देशभरातल्या आशा, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावच्याच आरोग्य कार्यकर्त्या, याच पद्धतीनं घरभेटी देतात : दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, घरी बाळंत झाली असेल तर पहिल्या दिवशीही.

न्यूमोनिया ओळखायला 'सर्च'नं केलेलं एक साधन मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाचं आठवतं. लाकडी चौकटीत एक मिनिटाची वाळूची घडी आणि शेजारी तारेवर मणी. बाळाची छाती उघडी करायची, घडी उलटी करायची, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या लाल मण्यापर्यंत पोचलात तर श्वास जोरात आहे, न्यूमोनिया समजायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी मिनिटाला साठ ही हद्द आणि त्याहून मोठ्यासाठी पन्नास, म्हणून मण्यांच्या ओळी दोन. दहापर्यंत मोजता आलं की पुरे. मी पदवीधर बाई रडणाऱ्या लेकरासमोर दोनदा चुकले. माझ्यासोबतची निरक्षर सुईण बाळ दूध पिऊन शांत होईपर्यंत थांबली, मग तोंडानं न पुटपुटता मोजलं आणि चुकली नाही. तुमचे डॉक्टर तिच्याशेजारी अर्धा तास बसले तर त्यांनाही शिकता येईल, आणि गावाला कळेल की तिचं शिकणं डॉक्टरही मानतात.

यावरून लगेच स्वतःची वेगळी 'आरोग्यसेविका' नेमू नका. गावात आशाताई आहेत. त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे, तोही उशिरा येतो, आणि वर रजिस्टरांचा ढीग. तुम्ही एखादीला महिना चार हजार देऊन नेमलंत की आशाताई वैरी होणार, आणि तुमचे पैसे आटले की दोघीही घरी बसणार. उलट त्यांना विचारा, पेटीत काय संपलंय, कोणत्या टोल्यावर एकटीनं जायला भीती वाटते, कोणत्या घरात सासू दार उघडत नाही. आशाताई सरपंचाची सून असेल तर? असते कधीकधी. त्याला तोड म्हणून प्रत्येक टोल्यावरून एक बाई गावानं निवडून तिच्या जोडीला द्यायची, बिनपगारी, फक्त निरोप्या म्हणून. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून हेच दाखवलं : दलित, निरक्षर, टाकलेल्या बाया आरोग्य कार्यकर्त्या झाल्या आणि टिकल्या, कारण गावानं त्यांना आपलं म्हटलं होतं.

पैशांबद्दल दोन गोष्टी. तुम्ही केलेल्या समितीच्या आधीपासून गावात एक सरकारी समिती आहे : ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. राष्ट्रीय आरोग्य अभियानात तिला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत अबंधित निधी, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चता येणारा पैसा, ठरलेला आहे. तुमच्या गावात किती आला, कशावर गेला, हे मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा, एवढंच. आरडाओरड न करता. आमच्या एका गावात बायांनी ते वाचन ऐकलं आणि पुढच्या वर्षी पहिला खर्च ठरवला, नाल्यावर टाकायच्या फळीचा आणि दोराचा. एकाही डॉक्टरला हे 'आरोग्य' वाटलं नसतं. महाराष्ट्रात 2007 पासून अमरावतीसह काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, गावकरी आरोग्यसेवेला लाल-पिवळा-हिरवा रंग द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे. तो रंगाचा तक्ता तुमच्या गावातही भिंतीवर काढता येतो.

दुसरी गोष्ट, तुमच्यापैकी कुणीतरी लवकरच 'पेसा'च्या, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, पाच टक्के निधीचं नाव काढेल. तो रामटेक-पारशिवनीला लागू नाही. नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, गडचिरोलीची उदाहरणं तशीच्या तशी इथं उचलता येत नाहीत. वनहक्क कायदा मात्र लागू आहे, आणि सामूहिक वनहक्काचा दावा केला नसेल तर तो विषय तुमच्या बीपी मशीनपेक्षा गावाला जवळचा वाटेल. बांबू, तेंदू, मोह यांचा पैसा घरात आला की बाळंतिणीच्या ताटातही येतो.

फुकट द्यायचं की नाही, हा तुमचा पुढचा वाद असणार. मी सेवाग्रामचा दाखला देते. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाभोवतीच्या गावांत ज्वारीवर आरोग्य विमा चालला : सुगीला प्रत्येक घरानं ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, जमीन जास्त त्याची पायली जास्त, आणि गावातली बहुसंख्य घरं सामील झाली तरच त्या गावाला सवलत. पायलीभर ज्वारीतून दवाखान्याचा खर्च भागत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण ज्यानं ज्वारी घातली तो नर्स आली नाही तर विचारायला येतो. तुमच्या फुकट बाटलीबद्दल कोण विचारायला येणार?

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल एक सूचना, आणि ती पाळाच. पूर्व विदर्भात काम करताय म्हणजे कुणीतरी 'एका दिवसात अख्खं गाव तपासू' म्हणणारच. समुपदेशनाची आणि पुढच्या तपासणीची सोय नसेल तर करू नका. विद्राव्यता चाचणी, म्हणजे गावात होते ती पहिली झटपट चाचणी, पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार ठरला असं नाही. वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या तपासणीतच कळतं. वाहक माणूस बहुधा आयुष्यभर ठणठणीत असतो. पण शाळेच्या भिंतीवर यादी लागली आणि एका मुलीची सोयरीक मोडली, हे मी पाहिलंय. यादी लावणारे आपल्यासारखेच चांगल्या मनाचे लोक होते. रुग्णांसाठी करायचंच तर हे करा : साध्या एसटीत त्यांना प्रवास मोफत आहे आणि 2016 च्या कायद्यानं हा आजार दिव्यांगांच्या यादीत आहे, ती प्रमाणपत्रं काढून द्या. कार्यालयाच्या खेपा घालणं कंटाळवाणं काम आहे, म्हणून कुणी करत नाही.

आणि आता तुम्हा अकरा जणांच्या खऱ्या उपयोगाचं. तुमचं निम्मं काम त्या गावात नाहीच, नागपुरात आहे. त्या गावातला माणूस सगळ्यात जास्त घाबरतो तो आजाराला नाही, नागपूरच्या मोठ्या दवाखान्याला. 108 ची रुग्णवाहिका त्याला आणून सोडते. त्यानंतर चिठ्ठी कुठे काढायची, रक्ताची बाटली कोणत्या मजल्यावर, सोबतची बाई रात्री झोपणार कुठे, डॉक्टर हिंदी-इंग्रजीत काय बोलून गेले, हे काही कळत नाही. तिसऱ्या दिवशी तो न सांगता उठून निघून जातो. कागदावर 'रुग्ण पळाला' अशी नोंद होते. अकरा जणांनी पाळी लावली आणि गावाकडे एकच फोन नंबर असला, की रात्री दोन वाजता कुणीतरी अपघात विभागाच्या दारात उभा राहील, तर दोन वर्षांत तुम्हाला सभेला बोलावणं येईल. तिथं बॅनर लागत नाही, फोटो निघत नाही. अकरातले चार टिकतील, चार पुरेत.

गावात परत कधी जायचं? आता धानाची रोवणी चालू आहे, बाया दिवसभर चिखलात. पोळा होऊ द्या, नागपुरात मारबत निघू द्या. 'रोगराई घेऊन जा गे मारबत' तुम्हीही ओरडून घ्या. त्यानंतर धान कापणीला येईपर्यंत थोडी सवड असते. आशाताईंना फोन करून विचारा, कोणता दिवस गावाला बरा पडेल, आणि त्या सांगतील तो दिवस कामाचा असला तर ऑफिसातून रजा काढा. गणेशपेठहून एसटीनं जा, गाडीनं नको. परतीची शेवटची गाडी विचारून ठेवा, पण तिच्यासाठी मधेच उठू नका. जेवणं आटोपून, ढोरं बांधून सभा भरायला रात्रीचे साडेआठ वाजतात. अंथरूण कुणीही देतं.